दिवाणखान्यातले मनोरे

"टॉवरच घे रे. बुकशेल्फ म्हणजे पोरांची खेळणी!"

कुवेतमध्ये चार मराठी इंजिनिअरांच्या घोळक्यात स्पीकरचा विषय काढून बघा, पाच मिनिटांत कोणीतरी हे वाक्य टाकतोच. टाकणारा बहुधा ऑइल अँड गॅसवाला असतो, नुकताच सालमियातून सालवात मोठ्या फ्लॅटमध्ये राहायला गेलेला असतो, आणि त्याच्या हॉलमध्ये ५५ इंची की ७५ इंची टीव्हीच्या दोन्ही बाजूंना छातीएवढे उंच, काळे कुळकुळीत दोन मनोरे उभे असतात. जेवण होईपर्यंत त्यावर एक गाणं वाजवून दाखवलं जातं. ते गाणं कधीच कोणी पूर्ण ऐकत नाही. पहिला ठेका पडला, समोरच्या काचेच्या कपाटातल्या बशा थरथरल्या, की पाहुण्यांनी "वा!" म्हणायचं आणि पुन्हा शाळेच्या फीचा विषय सुरू करायचा.

मीही ते वाक्य ऐकलं, मानलं आणि साडेतीनशे दिनार मोजून आलो. आजचा लेख म्हणजे त्या साडेतीनशे दिनारांचं श्राद्ध आहे असं समजा.

खरं तर मला लाज वाटायला हवी. माझी डॉक्टरेट जर्मनीतली, विषय पाइपांची कंपनं. आयुष्याची साडेचार वर्षं मी एकच गोष्ट शिकलो, की एखादी वस्तू कशी थरथरेल हे फक्त तिला हलवणाऱ्यावर अवलंबून नसतं, ती कुठे आणि कशी अडकवली आहे यावर असतं. आणि हा शहाणा माणूस दुकानात गेला, तिथल्या गालिचा घातलेल्या, भिंतींना कापड लावलेल्या डेमोच्या खोलीत दहा मिनिटं बसला, आणि फरशी, काच आणि सिमेंटच्या आपल्या हॉलमध्ये तोच आवाज येईल असं समजून कार्ड घासून मोकळा झाला.

चूक लक्षात आणून दिली बाबांनी. आई-बाबा मागच्या हिवाळ्यात मिरजेहून व्हिजिट व्हिसावर आले होते. बाबांचा जन्म १९५५चा, म्हणजे पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं त्याच वर्षीचा. (१ एप्रिल १९५५ ला सुरू झालं, वर्षभर चाललं, ५६ गाणी. माडगूळकरांचे शब्द आणि बाबूजींची चाल. हे मला पाठ आहे कारण आमच्या घरी ते पाढ्यांच्या आधी शिकवलं जायचं.) तर एका शुक्रवारी सकाळी, नाश्ता झाल्यावर, मी मोठ्या थाटात बाबांना सोफ्यावर बसवलं आणि गीतरामायण लावलं. बाबा डोळे मिटून ऐकत राहिले. दोन गाणी झाली. मग म्हणाले, "आवाज मोठा आहे रे. पण शब्द कुठे गेले?"

मी आवाज आणखी वाढवला. त्यांनी हाताने नको नको केलं.

मला वाटलं वयाचा परिणाम. सत्तरीत वरच्या पट्टीतलं ऐकू येणं कमी होतंच, आणि स, श, त, ख, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख पटते ती २ हजार हर्ट्झच्या वरच्या भागातच. असो, म्हणून गप्प बसलो. संध्याकाळी बघतो तर बाबा स्वयंपाकघरात आईच्या बाजूला खुर्ची टाकून बसलेत, ओट्यावर फोन उभा करून ठेवलाय, आणि त्या फोनच्या चिमणीएवढ्या स्पीकरमधून तेच गाणं ऐकत शब्द न् शब्द गुणगुणतायत! साडेतीनशे दिनारांचे मनोरे हॉलमध्ये, आणि माझा बाप ओट्यावर.

त्या रात्री मी झोपलो नाही हे काही खरं नाही, झोपलो. पण दुसऱ्या दिवशी मोजपट्टी काढली.

आमचा हॉल ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद, २.८ मीटर उंच. कुवेतमधल्या फ्लॅटचा अगदी सर्वसाधारण हॉल. खाली गुळगुळीत फरशी, वर स्लॅब, चारी बाजूंना प्लास्टर, एका बाजूला मोठी काच. उन्हाळ्यात बाहेर पन्नास डिग्री आणि धुळीचं 'तोझ' आलं की सगळं घर पुसावं लागतं, म्हणून आपण लोक गालिचे घालत नाही. पडदे लावलेच तर नावाला. म्हणजे आवाज शोषून घेणारी एकच वस्तू घरात, तो सोफा. (आणि त्यावर बसलेले पाहुणे. माणसं आवाज चांगला शोषतात.)

खोलीत आवाज किती वेळ घुमत राहतो याचं साधं सूत्र हार्वर्डच्या वॉलेस सॅबाइनने सव्वाशे वर्षांपूर्वी दिलं. १८९५ साली त्याला एका नव्या व्याख्यानगृहातलं बोलणं कळत नाही म्हणून ते सुधारायला सांगितलं होतं. हा गडी रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, त्या हॉलमध्ये मांडायचा, घुमारा किती सेकंद टिकतो ते मोजायचा आणि सकाळ व्हायच्या आत गाद्या परत ठेवायचा. खोलीचं घनफळ गुणिले ०.१६१, भागिले एकूण शोषण. बस्स. माझ्या हॉलचं घनफळ ५६ घनमीटर, शोषण सोफ्यासकट जेमतेम साडेसात चौरस मीटर. उत्तर आलं १.२ सेकंद. म्हणजे गायकाने एक अक्षर म्हटलं की ते खोलीत पूर्ण विरायला सव्वा सेकंद. तोवर पुढची चार-पाच अक्षरं त्यावर येऊन पडलेली! निवांत ऐकायच्या खोलीत हा आकडा अर्ध्या सेकंदाच्या आसपास असावा. बाबांच्या कानांना मी उगाच नावं ठेवली. त्यांचे कान थोडे कमी पडत असतील, पण शब्द खाल्ले ते खोलीने. फोन मात्र त्यांच्या कानापासून हातभर अंतरावर होता, त्याचा थेट आवाज खोलीच्या घुमाऱ्याच्या आधी आणि त्याच्यापेक्षा जोरात पोचत होता.

आता टॉवरभक्त म्हणतील, मग यात टॉवरचा काय दोष? खोलीचा दोष आहे. बरोबर! पण इथेच खरी गंमत आहे.

टॉवर घेण्याचं कारण विचारा, उत्तर एकच: बेस. खालचा आवाज. माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, ३५ हर्ट्झपासून पुढे. आता ५ मीटरच्या खोलीत लांबीच्या दिशेने पहिली घुमणारी लहर ३४ हर्ट्झची. रुंदीची ४३. उंचीची ६१. लांबीचीच दुसरी ६९. भिंतीजवळ या सगळ्यांचा जोर सर्वात जास्त. आणि आपण टॉवर कुठे ठेवतो? भिंतीला चिकटवून, कारण पोरांना खेळायला जागा हवी. सोफा कुठे? समोरच्या भिंतीला चिकटवून. म्हणजे खोली जिथे सर्वात जास्त घुमते त्या दोन टोकांना आपण एकीकडे भोंगा आणि दुसरीकडे कान ठेवतो, आणि मग म्हणतो, "काय दणदणीत बेस आहे!" तो बेस स्पीकरचा नाही हो, घरमालकाचा आहे. अशा खोलीत साधारण दोन-अडीचशे हर्ट्झच्या खाली काय ऐकू येईल हे बव्हंशी भिंती ठरवतात. महागडा टॉवर घेऊन तुम्ही त्या भिंतींना जास्त दारूगोळा पुरवता, इतकंच.

त्यात ६९ हा आकडा माझ्या डोक्यातून जाईना. काळी एकचा षड्ज सुमारे १३८.६ हर्ट्झ, म्हणजे पुरुषी तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेची पट्टी ६९.३. माझा हॉल नेमका काळी एकच्या खर्जावर घुमत होता! कोणीही त्या पट्टीतला गायक लावला की तंबोऱ्याची चौथी तार दर फेरीला नगाऱ्यासारखी वाजायची. मी इतके दिवस मित्रांना ते कौतुकाने ऐकवत होतो.

मिरजेच्या माणसाने हे करावं म्हणजे कहर आहे. आमच्या गावात सतारमेकर मंडळी पिढ्यान् पिढ्या तंबोरे बनवतात, २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. शाळेतून येता-जाता दुकानात जवारी काढताना ऐकलेलं आहे. घोडीचा पृष्ठभाग कानसून कानसून तार त्यावर अशी टेकवायची आणि मध्ये दोरा असा सरकवायचा, की मूळ सुरापेक्षा त्यातून फुटणारे वरचे सूर जास्त तेजाने बोलावेत. तंबोऱ्याचा जीव तिथे, त्या वरच्या स्वरांच्या झिरमिळीत आहे. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणेच्या घोडीवर निबंध लिहिला तोही याच चमत्काराबद्दल. आणि आपण तंबोरा ऐकायला स्पीकर निवडतो तो कशावरून, तर बारा इंची वूफर आहे का यावरून!

जरा हिशेब करा आपण घरी ऐकतो काय याचा. बायकी गळ्याची काळी पाच धरली तर तंबोऱ्याचा खर्ज ११६ हर्ट्झच्या आसपास. डग्ग्याचा घुमारा साधारण ७० ते १०० च्या परिसरात. पेटी, सारंगी, व्हायोलिन, माणसाचा गळा, सगळं त्याच्या वर. पन्नास-साठच्या दशकातली हिंदी-मराठी गाणी तर अशी ध्वनिमुद्रित झालीत की अगदी खाली फारसं काही नाहीच. म्हणजे ५०-५५ हर्ट्झपर्यंत सरळ उतरणारा चांगला छोटा स्पीकर आपलं नव्वद टक्के ऐकणं पुरं करतो. (हे नव्वद टक्के माझ्या घरचे. तुम्ही चर्चचा पाइप ऑर्गन ऐकत असाल तर माझं काही म्हणणं नाही, खुशाल टॉवर घ्या. जर्मनीत मी एकदा तो प्रत्यक्ष ऐकला, बाकड्यासकट हललो होतो.)

शिवाय कान नावाचं यंत्र. १९३३ साली बेल लॅबमध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवून दिलं की खालच्या सुरांना आपला कान बराच बहिरा आहे. तीस हर्ट्झच्या आसपासचा आवाज नुसता जाणवायला सुद्धा ६० डेसिबलच्या जवळपास जोर लागतो. रात्री दहा वाजता, मूल झोपल्यावर, शेजाऱ्यांची भीड ठेवून आपण ज्या आवाजात ऐकतो, त्यात तो खालचा सप्तक ऐकूच येत नाही. त्यात कुवेतमध्ये वर्षातले सात-आठ महिने एसी चोवीस तास चालू. माझ्या हॉलमध्ये एसी सुरू असताना मी मोजलं, ४४ डेसिबल, आणि त्यातली बरीचशी घरघर खालच्या सुरांचीच. म्हणजे ज्या ३५ हर्ट्झसाठी तुम्ही दोनशे दिनार जास्त मोजले, ते एसीच्या पोटात गडप. जुलैमध्ये एसी बंद करून गाणं ऐकणारा रसिक मला दाखवा, मी त्याचे पाय धरीन.

मग लोकांना टॉवर चांगले वाटतात ते काय उगाच? नाही, डोळ्यांमुळे. हे मी म्हणत नाही. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये स्पीकर बनवणाऱ्या कंपनीतल्याच लोकांना आधी पडद्याआडून आणि मग डोळ्यांसमोर ठेवून तेच स्पीकर ऐकवले. त्यात देखणे मोठे स्पीकर होते आणि एक स्वस्त, छोट्या डब्यांचा संचही होता. पडद्याआड त्या छोट्या संचाने मोठ्यांच्या बरोबरीने गुण मिळवले होते. पडदा काढल्याबरोबर तो घसरला! कान तेच, खोली तीच, गाणं तेच. आणि हे ऐकणारे कोणी ऐरेगैरे नव्हेत, त्याच धंद्यातले लोक. आपल्या सालमियातल्या पंगतीत काय होत असेल विचार करा.

शब्दांसाठी छोटा डबा पुरतो हे बीबीसीला फार पूर्वी कळलं होतं. सत्तरच्या दशकात त्यांनी बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत बसून निवेदकाचा आवाज तपासायला एलएस३/५ए नावाचा स्पीकर तयार केला. जेमतेम फूटभर उंच. गाडीत जागा नव्हती म्हणून छोटा, पण माणसाचा आवाज माणसासारखा यावा ही अट. पन्नास वर्षं झाली, लोक अजून त्याच्यामागे वेडे आहेत. आणि आमच्या आजोबांच्या मर्फी रेडिओत तर एकच स्पीकर होता. गीतरामायणाच्या वेळी गल्लीतली माणसं त्याच्याभोवती बसायची, हे बाबा आजोबांकडून ऐकत मोठे झाले. शब्द कळत नाहीत अशी तक्रार कोणी केल्याचं आमच्या घरच्या इतिहासात नाही.

आता टॉवरच्या बाजूचा एक मुद्दा मी प्रामाणिकपणे मान्य करतो, कारण त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. बुकशेल्फ नावाचा स्पीकर पुस्तकाच्या फळीवर ठेवायचा नसतो, कानाच्या उंचीला स्टँडवर ठेवायचा असतो. मग तो जागा तेवढीच अडवतो, आणि धावत्या मुलाचा धक्का लागला तर पडतो. आमचा एकदा पडता पडता वाचलाय. स्टँडमध्ये वाळू भरली, तेव्हा कुठे स्थिर झाला. (वाळवंटात राहण्याचा हा एक फायदा. पण धुऊन, चाळून, वाळवून घ्या.) आणि खोली खरोखर मोठी असेल तर टॉवरला पर्याय नाही. माझी जोडी मी एका कुवेती सहकाऱ्याला निम्म्या किमतीत विकली. त्याच्या दिवानियात ती आता उभी आहे. दहा-अकरा मीटर लांबीची खोली, भिंतभर गाद्या, लोड, जाड गालिचे, वीस-पंचवीस माणसं. काय सुंदर वाजतात तिथे! ऊदचे सूर ऐकताना मला क्षणभर पश्चात्ताप झाला. मग घरी येऊन आमच्या हॉलकडे बघितलं आणि गेला.

बदल्यात मी काय केलं ते सांगतो. शुक्रवार बाजारातून, म्हणजे सूक अल-जुमामधून, एक जुना जाड लोकरीचा गालिचा आणला, घासाघीस करून बावीस दिनार. काचेला जाड, चुण्यांचे पडदे, चाळीस. एका भिंतीला पुस्तकांची उघडी मांडणी, ती आधीपासून बेडरूममध्ये धूळ खात होती. घुमारा १.२ वरून अर्ध्या सेकंदावर आला. मग सोफा भिंतीपासून सव्वा मीटर पुढे ओढला आणि स्पीकर समोरच्या भिंतीपासून सव्वा मीटर. लांबीच्या बरोबर चौथाईवर त्या ६९ च्या लहरीचा जोर शून्याजवळ असतो. बायको म्हणाली, "हा हॉल आहे की गोदाम?" तिचं चूक नव्हतं. शेवटी असा तह झाला की आठवडाभर सोफा भिंतीला आणि शुक्रवारी सकाळी पुढे. सोफ्याच्या पायांना नमद्याचे तुकडे चिकटवले, आता एका हाताने सरकतो. मग १२० दिनारांची छोटी जोडी. गालिचा, पडदे, स्टँड धरून सगळं मिळून दोनशे वीसच्या आत.

आणि एक गोष्ट, जी दुकानदार सांगत नाही आणि आपणही बोलत नाही. आपण इथे इकाम्यावर आहोत. नोकरी आहे तोवर इकामा, इकामा आहे तोवर घर. शुक्रवार बाजारात त्याच दिवशी मी ओळीने चार-पाच टॉवरच्या जोड्या उन्हात उभ्या पाहिल्या, पट्ट्या चिकटवलेल्या, एकाची जाळी फाटलेली. एकेक पंचवीस-तीस किलोचा. कोणीतरी हौसेने घेतलेले, मग कंत्राट संपलं, महिनाभरात गाशा गुंडाळायचा, विमानात तीस-चाळीस किलो सामान. स्पीकर नेणार की संसार? आमच्या ओळखीचे एक काका १९९० च्या ऑगस्टमध्ये इथे होते. इराकी फौजा आल्यावर बसने अम्मानला आणि तिथून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला गेले, त्या लाख-दीड लाखांतले एक. फहाहीलच्या घरात त्यांचे दोन मोठे जपानी स्पीकर राहिले. पुढे ते कुवेतला परतले, पण स्पीकर पुन्हा घेतले नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "घरातून निघताना मी त्यांच्याकडेच बघत उभा होतो रे, आणि ही ओरडत होती की पासपोर्ट घे." माझ्या छोट्या जोडीतला एकेक साडेपाच किलोचा आहे. कपड्यांत गुंडाळून बॅगेत मावतो, मी मावून बघितलाय.

आई-बाबा निघायच्या आधीच्या शुक्रवारी पुन्हा गीतरामायण लावलं. बाबांना काही सांगितलं नाही, सोफा पुढे ओढलेला बघून ते फक्त "हे काय, इथे का बसायचं?" एवढं म्हणाले. पहिलं गाणं अर्ध्यावर आलं तसे त्यांचे ओठ हलायला लागले. आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि बाजूला बसली. तिसऱ्या गाण्यानंतर बाबा म्हणाले, "ते मोठे स्पीकर दुरुस्त करून आणलेस वाटतं?" डोळे मिटलेलेच होते. मी हो म्हटलं.

जाताना ती जोडी त्यांच्या बॅगेतून मिरजेला गेली. माझ्यासाठी दुसरी मागवली आहे, अजून आलेली नाही. तोवर फोन ओट्यावर.